हरिश्चंद्राच्या पुढचे फाळके

गेल्या गणपतीत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पांढरी चादर ताणून मी 'कालिया मर्दन' दाखवला. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा मूकपट. पोरं आधी चुळबुळत होती. आवाज नाही, रंग नाही, मध्येच मजकुराच्या पाट्या येतात आणि त्या वाचून होईपर्यंत पुढचं दृश्य सुरू. मग पडद्यावर एका सात वर्षांच्या मुलीचा चेहरा आला आणि पुढच्या रांगेतली पोरं एकदम गप्प झाली. डोहातून कृष्ण वर आला तेव्हा तळमजल्यावरच्या आजींनी खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले. संपल्यावर माझा अकरा वर्षांचा भाचा म्हणाला, "मामा, फाळक्यांचा सिनेमा म्हणजे राजा हरिश्चंद्र ना? मग हा कुणाचा?"

तेवढ्यात आरती सुरू झाली आणि त्याचं उत्तर राहून गेलं. ते आता देतो, जरा सविस्तर.

आम्हा नाशिककरांना फाळके नवे नाहीत. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. मृत्यू नाशिकमध्येच, १६ फेब्रुवारी १९४४. त्यांच्या नावाचा रस्ता गावात आहे आणि पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक आहे, जिथे शाळेच्या सहलीत आमच्यापैकी अनेकांनी डबे खाल्लेत. पण कुणालाही विचारा, फाळक्यांनी काय केलं? उत्तर येतं, पहिला भारतीय चित्रपट काढला, 'राजा हरिश्चंद्र', १९१३. आणि त्यानंतर? त्यानंतर थेट दादासाहेब फाळके पुरस्कार. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) हा माझा अतिशय लाडका चित्रपट, पण त्याचा जीवही हरिश्चंद्राच्या जन्मकथेतच गुंतलेला आहे. पुढची वीस-पंचवीस वर्षं जणू झालीच नाहीत. या माणसाच्या नावावर नव्वदहून अधिक चित्रपट आणि वर लघुपट आहेत, त्यातले बहुतेक नाशिकमधले, आणि आपल्याला आठवतो तो एक, जो दादरला झाला.

पहिल्या चित्रपटाला लोक 'पहिला' म्हणून सांभाळून घेतात. शेवटच्याला वयाची सवलत मिळते. मधल्या कामाला अशी सोय नसते. तिथे कौतुकाचा पहिला भर ओसरलेला असतो, पैशांचा तगादा मागे लागलेला असतो आणि नवे लोक शेजारी उभे राहिलेले असतात. म्हणून दिग्दर्शक खरा कसा आहे ते मधल्या कामात कळतं. फाळक्यांचा हा मधला काळ मी १९१७ ते १९२३ असा धरतो. माझं म्हणणं असं की फाळके पहिले ठरले १९१३ मध्ये, पण दिग्दर्शक म्हणून पिकले ते या वर्षांत, आमच्या गावात. त्यांचं मूल्यमापन मात्र पुढे बरीच वर्षं १९१३ च्याच मापाने होत राहिलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, चालला, आणि त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलवला. 'कारखाना' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सिनेमात काम करतो असं सांगायची तेव्हा लाज वाटायची, म्हणून फाळके आपल्या नटांना सांगायचे की हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगत जा. चित्रण सारं सूर्यप्रकाशात चालायचं, आणि नाशिकला ऊन होतं, नदी होती, घाट होते, देवळं होती, डोंगर तर हाताच्या अंतरावर. कोऱ्या फिल्मच्या कडेची भोकं पाडण्याचं काम रात्री अंधारात घरीच व्हायचं आणि ते सरस्वतीबाई फाळके करायच्या. या बाईंचं नाव श्रेयनामावलीत कधी आलं नाही, म्हणून इथे घेतो.

नाशिकला आल्यावर 'मोहिनी भस्मासुर' झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या, आपल्या सिनेमातल्या पहिल्या स्त्रिया. मग 'सत्यवान सावित्री'. १९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन फाळके लंडनला गेले. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाने त्यांना शाबासकी दिली आणि पौराणिक कथांवर भर देण्याची त्यांची दिशा योग्य असल्याचं लिहिलं. तिथेच राहून चित्रपट काढा, असंही त्यांना सुचवलं गेलं होतं. ते परत आले. आणि युद्ध पेटलं. फिल्म विलायतेहून येणार, ती महागली, सावकारांनी हात आखडले. पुढची दोन-अडीच वर्षं नुसती ओढाताण होती.

त्यातून वर आले ते 'लंका दहन' घेऊन, १९१७ मध्ये.

इथे जरा थांबू. रामायण आपल्याकडे गोष्टीसारखं ऐकतात, नाशिकमध्ये मात्र त्याला पत्ता आहे. सीतेचं हरण झालं ते पंचवटीतून, आणि सीतागुंफेत वाकून शिरलेला नाशिककर लहानपणापासून ते जवळजवळ शेजारच्या गल्लीतली घटना म्हणून ऐकतो. अशा गावात राहून फाळक्यांनी अशोकवनातली सीता आणि उडणारा हनुमान पडद्यावर आणला. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. हे साळुंके म्हणजे मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे गृहस्थ, 'हरिश्चंद्र'मध्ये तारामती झालेले. आपल्याकडची पहिली दुहेरी भूमिका ती हीच.

'लंका दहन'ला गर्दी किती झाली याच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात. गिरगावच्या वेस्ट एंडमध्ये सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ. राम दिसला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून हात जोडायचे. मद्रासेत तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली. या कहाण्यांवर किती मीठ-मसाला चढला असेल ते असो. एक धागा सगळ्यांत सारखा आहे. लोकांनी हा चित्रपट पाहिला तो दर्शनासारखा.

आणि इथेच समीक्षेची गोष्ट सुरू होते.

१९१७ साली मराठीत चित्रपट-समीक्षा नावाची गोष्ट जवळपास नव्हती. नाटकाची मात्र होती, आणि कडक होती. बालगंधर्वांच्या एका पदावर, एका पदराच्या झोकावर लोक रकानेच्या रकाने लिहीत. सिनेमाच्या वाट्याला वर्तमानपत्रात यायची ती खेळाची सूचना, चार ओळींचं कौतुक, फार तर 'हे स्वदेशी आहे, पाहायला जा' असा आग्रह. 'केसरी'पासून 'बॉम्बे क्रॉनिकल'पर्यंत फाळक्यांना मिळालेलं प्रेम मोठं होतं. पण ते प्रेम एका भारतीयाने हे साधलं याचं होतं. कॅमेरा कुठे ठेवला, एका दृश्यामागून दुसरं दृश्य का आलं, हे विचारायला अजून कुणी बसलेलं नव्हतं.

म्हणून फाळक्यांचे पहिले समीक्षक फाळकेच. १९१७-१८ मध्ये त्यांनी 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहिली. १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताचं चरित्र पडद्यावर पाहताना डोळ्यांपुढे राम-कृष्ण, गोकुळ-अयोध्या कसे उभे राहिले, ते या लेखांतच आहे. आपले चित्रपट स्वदेशी का, तर भांडवल, मालकी, माणसं आणि कथा सगळं इथलं म्हणून, हा हिशेबही तिथेच आहे. त्याच सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही काढला. त्यातले फाळके आजही पाहायला मिळतात, फिल्म हातात धरून न्याहाळताना, नटांना अभिनय समजावताना. जादूगाराने आपली पोतडी स्वतःच लोकांसमोर उघडी करावी तसं ते होतं. आपल्या कलेबद्दल लोकांना साक्षर करावं असं वाटणारा दिग्दर्शक होता तो.

पोतडी उघडलीच आहे तर आत काय होतं ते सांगतो, कारण फाळक्यांवरचा मोठा आक्षेप याच पोतडीवर आहे.

पहिली युक्ती सर्वांत सोपी. कॅमेरा पायावर घट्ट उभा. चित्रण थांबवायचं, माणसाला चौकटीतून बाहेर काढायचं, बाकीच्यांनी आहे तसंच उभं राहायचं, पुन्हा चित्रण सुरू. पडद्यावर माणूस गुप्त होतो. दुसरी युक्ती अवघड. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं. काळ्या पडद्यापुढे नुसतं डोकं उजेडात ठेवून एकदा चित्रण केलं, तर काळ्या भागातली फिल्म कोरीच राहते. ती मागे गुंडाळायची आणि त्या कोऱ्या भागावर दुसरं दृश्य घ्यायचं. आता अडचण बघा. कॅमेरा हाताने फिरवायचा. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे सरकायच्या, सेकंदाला दोन फेरे. पहिल्या वेळी किती फेरे झाले हे मोजून, तितकेच उलटे फिरवून, मग पुन्हा त्याच लयीत चित्रण करायचं. मोजणी चुकली की देवाचं डोकं खांद्यावर न बसता हवेत कुठेतरी. आणि जमलं की नाही हे फिल्म धुऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही. नाशिकमध्ये, विलायतेहून आलेल्या महाग फिल्मवर, हे चाललं होतं.

'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) मध्ये कंसाला भयस्वप्न पडतं आणि त्याचं शिर धडावेगळं होऊन तरंगतं. चित्रपटाचे थोडे तुकडेच उरलेत, त्यात हे दृश्य आहे. भाच्याला मी ते मोबाइलवर दाखवलं तर तो म्हणाला, "हे तर ॲपमध्येही होतं." मग त्याला मी फेरे मोजण्याचं सांगितलं आणि त्याने ते पुन्हा पाहिलं, या वेळी बोटांवर आकडे मोजत.

'श्रीकृष्ण जन्म' हा नव्या कंपनीचा पहिला चित्रपट. १९१८ च्या आरंभी फाळक्यांनी मुंबईच्या पाच भागीदारांबरोबर 'हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी' काढली, स्टुडिओ नाशिकलाच. 'लंका दहन'नंतर भांडवलाला तोटा नव्हता; लोकमान्य टिळकांनीही फाळक्यांची कंपनी मोठ्या पायावर उभी करण्याच्या बोलण्यांत लक्ष घातलं होतं. फाळक्यांनी व्यापारी भागीदार निवडले. या भागीदारीचं पुढे काय झालं ते येईलच.

आता 'कालिया मर्दन'. माझ्या मते उरलेल्या फाळक्यांमधला हा सर्वांत सुंदर चित्रपट, आणि नशिबाने त्याचा मोठा भाग शाबूत आहे.

सुरुवात कशी आहे पाहा. गोष्ट सुरू होण्याआधी एक मुलगी. फाळक्यांची लेक मंदाकिनी, वय सात. साध्या वेशात, चेहरा पडद्यावर जवळून. ती हसते, रुसते, रागावते, रडते. एकेक भाव पुरता उमटू देते. आणि मग त्याच चेहऱ्यावर हळूच दुसरी प्रतिमा उमटते. तीच मुलगी, आता मोरपीस, मुकुट, कृष्ण. आमच्या पार्किंगमधली पोरं गप्प झाली ती इथेच. फाळके प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतात की ही माझी मुलगी आहे, ती आता कृष्ण होणार आहे, बघा हं. आणि एवढं सांगूनही पाऊण तासाने आजींचे हात जोडले जातात. आपण फसवले जातोय हे माहीत असताना भक्ती उमटते. दशावतारात, लळितात, रामलीलेत हेच होतं. गावातला ओळखीचा पोऱ्या राम होतो आणि त्याच्या पाया पडतात. ही जुनी समजूत फाळक्यांनी एका नव्या यंत्रात बसवली, आणि ती यंत्राच्याच भाषेत बसवली. चेहरा जवळून दाखवणं आणि एका प्रतिमेतून दुसरी उगवणं, या दोन्ही गोष्टी नाटकाला अशक्य. 'फाळके म्हणजे कॅमेऱ्यात पकडलेलं नाटक' हा आक्षेप या पहिल्या दोन मिनिटांपुढे टिकत नाही.

आणखी एक. १९१३ मध्ये तारामती पुरुषाला करावी लागली, बाई मिळेना म्हणून. सहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाचा कृष्ण एक मुलगी करते, तीही घरातली. हा प्रवास छोटा नाही.

पुढे खोड्या आहेत, सवंगडी आहेत, लोणी आहे. मग डोह. कृष्ण उडी घेतो. पाण्याखाली नाग आणि तो, झटापट. आणि फाळके काय करतात? मध्येच काठावर येतात. काठावर गोकुळ जमलंय, आकांत चाललाय. पुन्हा पाण्याखाली. पुन्हा काठावर. दोन ठिकाणी एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी आळीपाळीने दाखवून जीव टांगणीला लावायचा. आज कुठल्याही मालिकेत हे इतकं होतं की आपल्याला दिसतही नाही, पण 'हरिश्चंद्र'चा जो भाग आज पाहायला मिळतो त्यातली दृश्यं बघा: एक घटना, एक जागा, माणसं डोक्यापासून पायापर्यंत, ती संपली की पुढची. तिथून इथवर हा माणूस शिकत शिकत आला. नाग खेळण्यासारखा दिसतो हे मान्य. आमच्या पोरांनी त्याला 'ड्रॅगन' म्हटलंच. तरी काठावरचा आकांत पाहताना एकही पोरगं हसलं नाही.

आता त्याच सालची दुसरी बाजू. १९१९ मध्येच 'एकच प्याला' रंगमंचावर आलं. सिंधूच्या दुःखाने मराठी मध्यमवर्ग हमसून रडत होता. दारू, संसार, बाईचा छळ, नव्या काळाचे प्रश्न हे सारं नाटकात होतं. अशा वाचक-प्रेक्षकाला नागाशी झुंजणारा कृष्ण बालिश वाटला तर नवल नाही. सुशिक्षितांच्या मनात तेव्हापासून एक वाटणी पक्की झाली: विचार नाटकात, करमणूक सिनेमात. ही वाटणी फाळक्यांच्या समीक्षेला पुढे पन्नास वर्षं चिकटून राहिली.

आणि नेमक्या याच वेळी, उंचीवर असताना, फाळक्यांनी कंपनी सोडली. भागीदारांना ठरलेल्या वेळेत चित्रपट, मोजका खर्च आणि हिशेब हवा होता. फाळक्यांना एका दृश्यासाठी आठवडा घालवायची मुभा हवी होती. मला दोन्ही बाजू समजतात. पैसा लावणाऱ्याने हिशेब मागणं गैर नाही, आणि फाळक्यांचा स्वभाव काम वाटून द्यायचा नव्हता. लेखन, कॅमेरा, नेपथ्य, धुलाई, सगळ्यात त्यांचा हात हवा. एकट्याच्या जोरावर 'हरिश्चंद्र' होतो. वर्षाला अनेक चित्रपट काढणारी कंपनी तशी चालत नाही. ते कुटुंबासह काशीला निघून गेले.

काशीत त्यांनी नाटक लिहिलं, 'रंगभूमी'. नाट्यव्यवसायावरचंच नाटक, लांबलचक, प्रयोगशील. १९२२ मध्ये मुंबईत, मग पुण्यात, नाशिकमध्ये त्याचे प्रयोग झाले आणि ते चाललं नाही. ज्या रंगभूमीच्या मापाने त्यांच्या सिनेमाला कमी लेखलं जात होतं, तिथेच जाऊन त्यांनी स्वतःला पारखलं, आणि तिथे ते उतरले नाहीत. मला वाटतं, हा माणूस विचार करायचा तोच चित्रांत. शब्द त्याचं माध्यम नव्हतं.

या काळातला एक प्रसंग समीक्षेच्या दृष्टीने फार बोलका आहे. 'संदेश' या वर्तमानपत्राचे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी फाळक्यांना पत्र लिहून सिनेमात परत येण्याची विनंती केली. फाळक्यांनी कळवलं की सिनेमाच्या दृष्टीने मी मेलो आहे, पुन्हा जिवंत व्हायची इच्छा नाही. कोल्हटकर पक्के पत्रकार. त्यांनी ते पत्र फाळक्यांच्या मृत्यूची बातमी असल्यासारखं छापलं. वाचकांची पत्रं आली, परत या म्हणून. ही पत्रं लिहिणारे कुणी पंडित नव्हते, तिकीट काढून सिनेमा पाहणारे लोक होते. त्या काळच्या लोकमताचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

फाळके परतले, त्याच कंपनीत, पण आता महिना हजार रुपयांवर निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून. आपणच उभारलेल्या कंपनीत पगारी माणूस. 'महानंदा' (१९२३), 'भक्त प्रल्हाद' (१९२६) आणि कितीतरी चित्रपट पुढे आले, बरेचसे ठरलेल्या साच्यातले. या भागावर मी फार रेंगाळत नाही. उरलंय फार थोडं, आणि जे दिसतं त्यात 'कालिया मर्दन'मधली शोधक नजर मला क्वचितच सापडते.

तोवर कोल्हापुरात बाबूराव पेंटर उभे राहिले होते. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. त्यातला कीचकवध इतका भयंकर वाटला की सेन्सॉरच्या वेळी ते दृश्य कापावं लागलं. १९२५ मध्ये 'सावकारी पाश' आला, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट. सुशिक्षित प्रेक्षक सिनेमाकडून ज्याची वाट पाहत होता ते हे: आजचा माणूस, त्याचं दुःख, खरा अंधार-उजेड. १९३२ मध्ये प्रभातने हरिश्चंद्राचीच कथा बोलपटात आणली, 'अयोध्येचा राजा'. त्याच वर्षी फाळक्यांचा 'सेतुबंधन' आला, मुका. मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. मराठी चित्रपटाच्या इतिहासाने मग सोपी ओळ आखली: फाळक्यांनी दार उघडलं, घर पेंटर आणि शांताराम यांनी बांधलं. ओळ ऐकायला छान आहे, पण तिच्यात 'कालिया मर्दन'ला जागाच नाही.

ही ओळ हलली ती १९७०-८० नंतर. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. त्याचे जनक पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून उरलेल्या रिळांचा ठेवा गोळा केला. म्हणजे कित्येक वर्षं फाळक्यांवर लिहिलं गेलं ते बहुतेक न पाहता, आठवणींवर. चित्रपट डोळ्यांपुढे आल्यावर प्रश्न बदलले. १९८७ मध्ये आशिष राजाध्यक्ष यांनी फाळक्यांच्या काळावर एक मोठा निबंध लिहिला. परंपरेने आलेली पाहण्याची रीत आणि नवं यंत्र यांची फाळक्यांकडे कशी झटापट होते, हा त्याचा गाभा. निबंध अवघड आहे. त्यातला मला समजलेला मुद्दा मी नाशिकच्या भाषेत सांगतो.

काळाराम मंदिरात रांगेतून पुढे सरकत तुम्ही गाभाऱ्यासमोर येता. मूर्ती तुमच्याकडे सरळ पाहत असते. तुम्ही तिला पाहता आणि तिने तुम्हाला पाहिलं असंही मानता. दर्शन दुतर्फा असतं. फाळक्यांचे देव पडद्यावर असेच समोर उभे राहतात, प्रेक्षकाकडे तोंड करून. पाश्चात्त्य सिनेमाच्या चष्म्यातून हे चूक दिसतं. तिथे नटाने कॅमेऱ्याकडे पाहू नये, प्रेक्षक आहेच कुठे असं वागावं. म्हणून 'फाळक्यांना सिनेमाची भाषा कळली नव्हती' असं म्हटलं गेलं. पण 'कालिया मर्दन'मध्ये तोच दिग्दर्शक पाण्याखालून काठावर आणि काठावरून पाण्याखाली हवा तसा फिरतो. ती भाषा त्याला येत होती. देव वर आल्यावर तो ती बाजूला ठेवतो, आणि देवाला तुमच्यासमोर उभा करतो. रविवर्म्याच्या छापील चित्रांतून घराघरात देव असेच समोरून पाहू लागले होते, आणि फाळक्यांनी त्या छापखान्यासाठी काम केलं होतं. त्यांचा हात तिथे तयार झालेला.

या मुद्द्याला मी माझ्याकडून एक जोड देतो. १९३० च्या २ मार्चला याच काळारामाच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, कारण त्या दुतर्फा दर्शनाचा हक्क सगळ्यांना नव्हता. तो लढा काही वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. चादरीवरचा राम मात्र तिकीट घेणाऱ्या कुणाकडेही पाहत होता. फाळक्यांच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. त्यांच्या कथा जुन्या समाजव्यवस्थेला प्रश्न विचारत नाहीत, आणि हा त्यांच्यावरचा रास्त आक्षेप आहे. पण 'लंका दहन'ला वहाणा काढून बसलेल्यांमध्ये देवळाच्या पायरीवरून परत फिरवलेले किती असतील, हा प्रश्न मला सोडत नाही. त्या गर्दीला 'भाबडे प्रेक्षक' म्हणून मोकळं होणाऱ्या लिखाणाने हा प्रश्न विचारायला हवा होता.

शेवटी एक तांत्रिक गोष्ट, जी मला अनेक दिवस अस्वस्थ करत होती. 'राजा हरिश्चंद्र' म्हणून आज जे थोडे फूट आपण पाहतो, ती पहिली आणि शेवटची रिळं, ती १९१३ चीच असं खात्रीने म्हणता येत नाही. फाळक्यांनी १९१७ मध्ये नाशिकला हाच चित्रपट 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' म्हणून पुन्हा काढला होता, आणि उरलेली रिळं या दुसऱ्या चित्रपटाची असावीत असं काही अभ्यासक मानतात. ते खरं असेल तर पहिला चित्रपट म्हणून पाठ्यपुस्तकांत छापतात ते चित्रही मधल्या काळातलं, आणि आमच्या गावातलं.

भाच्याला मी हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, त्या मुलीचं तोंड कृष्णाचं होतं ना, ते परत लाव." आम्ही ते परत लावलं. बरोबर कुठल्या क्षणी ती मंदाकिनी राहत नाही, हे शोधायचा प्रयत्न त्याने तीनदा केला, थांबवून थांबवून, आणि तिन्ही वेळा त्याचं बोट वेगवेगळ्या चौकटीवर थांबलं.